प्रत्येक धक्क्याला लागणारी बोट

व्यापारी घरातल्या स्त्रीला प्रवास नवा नसतो. शिखरजी, पालिताणा, आबू, श्रवणबेळगोळ अशा यात्रा घडतात. लग्नकार्यांच्या निमित्ताने निम्मा महाराष्ट्र आणि बराचसा राजस्थान पायांखालून जातो. परंतु त्या प्रत्येक प्रवासात दुकान बरोबर असते. गाडी गाव सोडते न सोडते तोच आवक किती झाली, भाव काय फुटला, अमक्याची पट्टी निघाली का, ही विचारपूस सुरू होते. परतीचे तिकीटही बाजाराच्या दिवसाकडे पाहूनच काढलेले असते. दुकान मागे ठेवून निघालेला माझ्या आयुष्यातील पहिला प्रवास वयाच्या ६१व्या वर्षी घडला, आणि तोही थेट नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याने, एका लहानशा बोटीतून. ते दुकान खरोखरच मागे राहिले होते का, हे पुढे सांगणारच आहे.

आमची बार्शीला धान्याची आडत. मी या घरात सून म्हणून आले त्याला ३९ वर्षे झाली. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन आटोपल्यावर यांनी तिजोरीच्या किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या. कोणी सुचविले नव्हते. ६५ वर्षे पूर्ण झाली की गादी सोडायची, असे यांनीच पूर्वी ठरविले होते. त्यानंतर मात्र घरात एक अवघड शांतता आली. पहाटे उठून, आवरून, टोपी घालून हे बैठकीत बसत आणि वर्तमानपत्रातील बाजारभाव दोनदा वाचत.

मुलगा कर्तबगार आहे. त्याने थोड्याच महिन्यांत हिशेब मांडून दाखविला. दोन-तीन पोती घेऊन येणाऱ्या लहान शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, त्याची वेगळी चाळणी, वेगळा तोल, वेगळी पट्टी; त्यात खर्च अधिक आणि आडत नाममात्र. दिवाळीनंतर मोठ्या मालावरच लक्ष द्यावे, असे त्याचे म्हणणे पडले. हे काहीच बोलले नाहीत. किल्ल्या दिल्यावर कारभारात बोलायचे नाही, हाही यांचाच नियम. पण त्या दिवसापासून यांचे जेवण कमी झाले, हे माझ्या लक्षात आले.

आमची मुलगी नोकरीनिमित्त ओस्लोला असते. तिने वडिलांचा आवाज फोनवर ओळखला आणि पर्युषण आटोपल्यावर आम्ही दोघांनी तिच्याकडे यावे, तेथून किनाऱ्याची सफर करावी, असा आग्रह धरला. सफर म्हटल्यावर यांना आपल्या परिचयातील मंडळी जातात ती प्रचंड क्रूझ जहाजे आठवली. हजारो माणसे, रोषणाई आणि रात्री उशिरापर्यंतचे कार्यक्रम. यांनी साफ नकार दिला. तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, ही सहलीची बोट नाही. टपालाची आणि मालाची बोट आहे. माणसंही नेते, एवढंच.”

“माल कसला?” यांनी विचारले. त्या एका प्रश्नावरून तिकीट निघणार हे मला समजले.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसपर्यंत ही बोट जाते आणि त्याच वाटेने परत येते. तिला तेथे ‘हुर्टिग्रूटेन’ म्हणतात. त्याचा अर्थ साधा आहे, जलद मार्ग. वाटेत ३४ बंदरे. जाऊन-येऊन सुमारे २,५०० सागरी मैल. फेरीला ११ दिवस लागतात, आणि या मार्गावर जहाजेही ११ आहेत. त्यामुळे बर्गनहून वर्षाच्या प्रत्येक दिवशी एक बोट निघते आणि प्रत्येक बंदराला रोज एक बोट वर जाताना व एक खाली येताना लागते. हा हिशेब यांनी विमानातच कागदावर मांडून पाहिला आणि तो बरोबर बसल्यावर कितीतरी महिन्यांनी यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले.

आमच्या बोटीचे नाव ‘वेस्टेरॉलेन’. १९८३ साली बांधलेली, सुमारे १०८ मीटर लांबीची. मोठ्या क्रूझ जहाजांच्या तुलनेत तिला लहान बहीणच म्हणावे. सप्टेंबरच्या २३ तारखेला रात्री ती बर्गनहून सुटणार होती. त्याआधी आमच्या हाती एक पूर्ण दिवस होता, आणि त्या दिवसाने पुढच्या सगळ्या प्रवासाला एक प्रश्न जोडून दिला.

बर्गनच्या धक्क्यालगत ब्रिग्गेन नावाची जुनी व्यापारी पेठ आहे. लाल, पिवळ्या, पांढऱ्या रंगांच्या उभट लाकडी इमारती एकमेकींना टेकून उभ्या आहेत आणि त्यांच्यामधून अरुंद बोळ आत गेलेले आहेत. सन १३६०च्या सुमारास जर्मनीतील हान्झा व्यापारी संघाने येथे आपली कायमची पेढी उघडली आणि ती १७५४पर्यंत चालली. म्हणजे जवळजवळ ४०० वर्षे. १७०२च्या आगीत पेठ जळाली, तेव्हा जुन्याच धर्तीवर पुन्हा बांधली गेली; १९७९पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. आगीच्या भीतीने या लाकडी घरांत शेकोटी पेटविण्यास बंदी होती. मुनीम, उमेदवार, पोरसवदा नोकर थंडीत काकडत झोपत आणि ऊब हवी असेल तर मागच्या बाजूच्या सामायिक सभागृहांत जाऊन बसत. ती सभागृहे आजही पाहता येतात. आणखी एक नियम ऐकून मी थबकले: येथे राहणाऱ्या व्यापाऱ्यांना विवाह करण्याची मुभा नव्हती. पेठेत घर नव्हते, चूल नव्हती, स्त्री नव्हती. होती ती केवळ पेढी.

यांचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. हा सारा व्यापार एका साध्या देवघेवीवर उभा होता. उत्तरेकडे धान्य फारसे पिकत नाही, समुद्र मात्र उदंड देतो. हान्झाचे व्यापारी उत्तरेच्या कोळ्यांना धान्य देत आणि बदल्यात वाऱ्यावर सुकविलेली मासळी घेत. धान्य आधी, मासळी पुढच्या हंगामात. वही मिटेपर्यंत कोळी त्या एकाच पेढीशी बांधलेला राही, आणि वही सहसा मिटत नसे.

“म्हणजे उचल,” हे हळूच म्हणाले. “आपल्यासारखीच उचल.”

मी काही बोलले नाही. आपल्या व्यवसायात उचल म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला पैसे द्यायचे, माल आला की वळते करून घ्यायचे. १९७२च्या दुष्काळात माझ्या सासऱ्यांनी दिलेल्या उचलीच्या गोष्टी अजून आमच्या घरात अभिमानाने सांगितल्या जातात. ज्यांनी ती घेतली त्यांच्या घरी ती गोष्ट कशी सांगितली जात असेल, असा विचार त्या थंड सभागृहात प्रथमच माझ्या मनात आला. यांच्याही मनात तेच असावे; कारण बोटीवर चढेपर्यंत आम्ही दोघेही गप्पच होतो.

बोटीवरचे दिवस लवकरच अंगवळणी पडले. सकाळी खिडकीतून कधी उंच काळा कडा दिसे, कधी एकाकी लाल घर आणि त्यामागे पिवळी पडलेली बर्च झाडे. शरद ऋतूत हा सारा किनारा रंग बदलतो. झाडे पिवळी, जमिनीलगतची झुडपे तांबडी आणि डोंगरमाथ्यावर पहिले हिम. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे एवढ्या उत्तरेलाही येथील समुद्र हिवाळ्यात गोठत नाही, म्हणूनच ही बोट बाराही महिने चालू शकते. जेथे बेटांचा आडोसा असतो तेथे पाणी शांत. आडोसा संपला की बोट डोलू लागते. बोडो सोडल्यावर लोफोटेन बेटांकडे जाणारी खुल्या समुद्राची वाट मी सुंठ तोंडात धरून, डोळे मिटून पार केली.

माझ्यापेक्षा यांचा दिनक्रम वेगळा होता. बोट धक्क्याला लागण्यापूर्वी पंधरा मिनिटे हे वरच्या डेकवर हजर. बाजूचे दार उघडे, फोर्कलिफ्ट बाहेर येई, लाकडी पाटांवर बांधलेला माल उतरे, दुसरा चढे. कोठे दूध-भाजीची खोकी, कोठे यंत्राचे सुटे भाग. दक्षिणेकडे येताना मासळीही चढे, आणि तिच्या खोक्यांवर बर्फ दिसला की हे मान वळवीत. पण वही सोडीत नसत. होय, यांनी खिशात एक छोटी वही ठेवली होती. बोट लागली किती वाजता, सुटली किती वाजता, नग किती, माणसे किती. मी हसले तर म्हणत, “सवय आहे.”

आहाराची व्यवस्था आधी कळविल्यामुळे अडचण आली नाही. कांदा, बटाटा, कंदमुळे वगळून डाळी, भाज्या, पाव, फळे मिळत. घरचे खाकरे, मेथीची पुरी आणि कोरडी चटणी होतीच. खरी गंमत झाली ती चौविहाराची. आम्ही दोघेही सूर्यास्तापूर्वी जेवतो. बार्शीला ऋतू कोणताही असो, सूर्यास्ताची वेळ अंगात मुरलेली असते. येथे आम्ही एकाच वेळी उत्तरेकडे आणि पूर्वेकडे सरकत होतो, घड्याळ मात्र तेच. बर्गनला सूर्य मावळला तेव्हा साडेसात उलटून गेले होते. सहा दिवसांनी किर्केनेसला साडेपाचच्या सुमारासच मावळला. आपल्याकडे या दिवसांत दिवस रोज जेमतेम १ मिनिटाने लहान होतो, तर ट्रोम्सोजवळ रोज सुमारे ८ मिनिटांनी. जूनमध्ये आलो असतो तर सूर्य मावळलाच नसता आणि डिसेंबरमध्ये उगवलाच नसता. तेव्हा नेमधर्म सांभाळणाऱ्यांनी या किनाऱ्यावर यावे ते शरदातच, असे मी गमतीने म्हणते. हे रोज सकाळी स्वागतकक्षातील मुलीला सूर्यास्ताची वेळ विचारीत. तिसऱ्या दिवसापासून ती न विचारताच चिठ्ठीवर लिहून ठेवू लागली. कारण तिने कधी विचारले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बोटीने उत्तर ध्रुववृत्त ओलांडले. एका लहान बेटावर पृथ्वीच्या गोलाची जाळीदार प्रतिकृती उभी आहे, तीच खूण. त्यानिमित्त डेकवर समुद्रदेवाचे सोंग घेतलेला एक खलाशी प्रवाशांच्या मानेवरून बर्फाचे पाणी आत सोडतो. पेढीवर ज्यांच्यासमोर मोठमोठे खरेदीदार अदबीने बसत, ते हे, टोपी काढून, मान पुढे करून रांगेत उभे राहिले आणि पाणी पाठीवरून घसरताच लहान मुलासारखे ओरडले. ३९ वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता.

त्याच प्रवासात एका गोष्टीने यांना अस्वस्थ केले. उत्तरेकडील काही बंदरे अगदी चिमुकली. बोट लागते, पंधरा मिनिटे थांबते आणि निघते. एका रात्री अशाच एका धक्क्यावर आम्ही दोघे डेकवर उभे होतो. खाली एक दिवा, एक गोदाम, एक माणूस. बोटीतून एकच पाट माल उतरला. हातात दोन पिशव्या घेतलेली एक वृद्ध बाई उतरली. तिला न्यायला एक गाडी आली होती. दोर सोडले गेले आणि बोट पुन्हा अंधारात निघाली.

“एवढ्यासाठी?” हे म्हणाले. “एवढी मोठी बोट, एवढं इंधन, एवढी माणसं जागी. एका नगासाठी आणि एका बाईसाठी? यांना परवडतं कसं?”

दुसऱ्या दिवशी बोटीवरच्या एका अधिकाऱ्याला यांनी तोच प्रश्न विचारला. त्याने सरळ सांगितले, की एकट्या अशा बंदराचा विचार केला तर परवडत नाहीच. ही सेवा नॉर्वेचे सरकार कराराने विकत घेते. कोणत्या बंदराला किती वेळा लागायचे हे करारात लिहिलेले असते, आणि कंपनीला त्याचा मोबदला मिळतो. २०२१पासून दोन कंपन्या मिळून हा करार पाळतात. सहलीचे प्रवासी येतात ते वेगळे. पण ते आले नाहीत तरी बोट त्या धक्क्याला लागणारच.

हे बराच वेळ विचारात होते. मग म्हणाले, “इथे सरकार भरतं. आपल्या तीन पोतीवाल्याचं कोण भरणार? पोराचा हिशेब चुकीचा नाही.”

महिन्यांमागून महिने मनात कोंडलेली गोष्ट यांनी अशी समुद्रावर उच्चारली. मी तो विषय तेव्हा वाढविला नाही.

सहाव्या दिवशी दुपारी बोट होनिंग्सवोगला लागली. बहुतेक प्रवासी येथून बसने नॉर्डकाप नावाच्या टोकाला जातात. समुद्रातून ३०७ मीटर उभा उठलेला तो कडा आम्हीही पाहिला. परंतु माझ्या मनात राहिले ते गावातील लहानसे पांढरे चर्च. १९४४च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा सगळा प्रांत जाळत नेला. घरे, धक्के, गोदामे, दुकाने, काहीच शिल्लक ठेवले नाही. सुमारे ५०,००० लोकांना सक्तीने हलविले. होनिंग्सवोगमध्ये उभे राहिले ते १८८५ साली बांधलेले हे एक चर्च. परतलेली माणसे सुरुवातीला त्याच्याच छपराखाली राहिली. आज किनाऱ्यावर जी गावे दिसतात ती त्या राखेतून पुन्हा उभी राहिलेली आहेत. ज्या बोटीला आम्ही सहलीची समजून चढलो होतो, तिचे एवढ्याशा गावी थांबणे येथील माणसांना काय वाटत असेल, हे मला त्या चर्चच्या पायरीवर उमगले.

त्या रात्री साडेदहाच्या सुमारास केबिनमधील ध्वनिक्षेपकावरून सूचना आली, की आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसत आहे. शालीवर कोट, कोटावर मफलर अशा थाटात आम्ही डेकवर गेलो. प्रथम एक करडा, धुरकट पट्टा दिसला, ढगच वाटला. मग तो हिरवा झाला आणि हलू लागला. सूर्याकडून येणारे कण शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवर प्राणवायूवर आदळतात, तेव्हा हा हिरवा रंग उमटतो, असे दुपारच्या व्याख्यानात ऐकले होते. ऐकणे वेगळे आणि त्याखाली उभे राहणे वेगळे. कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

त्या अंधारात, एकमेकांचे चेहरे नीट दिसत नसताना, मी यांना एक गोष्ट सांगितली. लग्नापूर्वी मी वाणिज्य शाखेची पदवी घेतली होती. या घरात आल्यावर दरवर्षी पाडव्याला मी वह्यांना हळदकुंकू वाहिले, त्यांवर स्वस्तिक काढले. पण एकही वही उघडली नाही. कोणी मनाई केली नव्हती. कोणी उघड म्हटलेही नव्हते. “त्या ब्रिग्गेनमध्ये बायका नव्हत्या,” मी म्हणाले, “आपल्या पेढीवर तरी कुठे होत्या?”

हे पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बी.कॉम. झाल्याचं माहीत होतं. इच्छा आहे हे माहीत नव्हतं.”

“अहो, विचारायला वेळ कुठे होता? माल उतरत होता.”

यावर आम्ही दोघेही हसलो, आणि शेजारची एक जर्मन जोडी आमच्याकडे पाहू लागली.

सातव्या दिवशी किर्केनेसला बोटीने तोंड फिरविले. परतीचा मार्ग तोच असला तरी प्रवास तो नसतो. जाताना ज्या बंदरांना ती रात्री लागते, त्यांना येताना दिवसा लागते. अंधारात केवळ एक दिवा म्हणून पाहिलेली गावे आता शाळा, दुकान, झोपाळा यांसह दिसू लागली. समोरून येणारी दुसरी बोट भेटली की दोघी भोंगा वाजवून एकमेकींना नमस्कार करीत.

नवव्या दिवशी दुपारी बोट स्टोकमार्कनेसला तासभर थांबली. या मार्गाचा जनक कॅप्टन रिकार्ड विथ याच गावचा. येथे या बोटींचे संग्रहालय असून १९५६ साली बांधलेली एक संपूर्ण जुनी बोट काचेच्या इमारतीत जपून ठेवलेली आहे. तेथे जी माहिती मिळाली ती यांनी वहीत उतरवून घेतली. पूर्वी ट्रॉनहेमहून हॅमरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिने लागत. वर्षभर आणि रात्रीसुद्धा चालणारी बोट हवी, अशी सरकारची इच्छा होती. परंतु खडकांनी भरलेल्या त्या काळोख्या किनाऱ्यावर ट्रॉनहेमच्या उत्तरेला तेव्हा अवघे २८ दीपस्तंभ होते. असे धाडस करणे अशक्य, असे जाणकार म्हणत. विथ यांनी आणि त्यांच्या वाटाड्याने अनेक फेऱ्यांत दिशा, वेग आणि वेळ यांच्या बारीक नोंदी ठेवलेल्या होत्या. या दिशेने, या वेगाने, इतकी मिनिटे; मग वळायचे. होकायंत्र, घड्याळ आणि ती वही, एवढ्या बळावर त्यांनी काम पत्करले. २ जुलै १८९३ रोजी ‘वेस्टेरॉलेन’ नावाचीच पहिली बोट ट्रॉनहेमहून सुटली आणि तीन दिवसांनी हॅमरफेस्टला पोचली.

“वहीच्या जोरावर,” हे म्हणाले, आणि आपल्या खिशातील वही चाचपून पाहिली.

त्याच संध्याकाळी लोफोटेनमधील स्वोल्वेर बंदरात आम्ही पाय मोकळे करायला उतरलो. समुद्रकाठी लाकडी वाशांच्या मोठमोठ्या उतरत्या मांडण्या उभ्या होत्या. मासळी त्यांवर हिवाळ्याच्या अखेरीस चढते आणि उन्हाळ्याच्या तोंडी उतरते. शरदात त्या रिकाम्या असतात. काढणी झालेल्या रानासारख्या त्या दिसत होत्या. ज्या वस्तूकडे आपण पाहूही शकत नाही, तिच्यावरच येथील माणसांनी शेकडो वर्षे मुले वाढविली, घरे बांधली आणि कर्ज फेडले. मी त्यांचा न्याय करू शकत नाही, आणि माझा नियमही सोडू शकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मनात, भांडण न करता राहू शकतात, हे मला त्या रिकाम्या वाशांपाशी जाणवले.

दुसऱ्या दिवशी ध्रुववृत्त परत ओलांडताना प्रथेप्रमाणे प्रत्येकाला चमचाभर कॉड माशाचे तेल दिले जाते. आम्ही दोघांनी हात जोडले. तेल देणाऱ्या खलाशाने क्षणभर पाहिले, हसला, आणि कोरा चमचा आमच्या हाती ठेवला. तो आता आमच्या स्वयंपाकघरात जिऱ्याच्या डब्यात आहे.

बर्गनला उतरण्यापूर्वी यांनी वहीतील बेरीज केली. कोठे घाईगर्दी होती, कोठे वादळी वारा. तरी बोट बहुतेक ठिकाणी वेळेवर लागली होती. मग हे म्हणाले, “पोराला मी काही सांगणार नाही. मागणार आहे.”

घरी परतल्यावर चार दिवसांनी यांनी मुलाला समोर बसविले. त्याचा हिशेब बरोबर आहे हे आधी मान्य केले. मग मागणी ठेवली: आठवड्यातील दोन सकाळी लहान शेतकऱ्यांचा माल आम्ही दोघे पाहू. हमालाची मजुरी यांच्या खात्यातून जाईल. भाव लिलावात फुटेल तोच. पट्टी त्याच दिवशी, पैसे त्याच दिवशी. आणि उचल घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचे, की त्याने माल कोठेही विकावा, रक्कम तेवढी परत करावी. माल आमच्याकडेच आणला पाहिजे असे बंधन नाही.

मुलगा वडिलांकडे पाहत राहिला. शेवटच्या अटीवर तो थांबला. बंधन नसेल तर रक्कम बुडण्याची भीती अधिक, असे त्याने स्पष्ट म्हटले, आणि त्यात खोटे काही नाही. शेवटी एक वर्ष पाहू, पुढच्या पाडव्याला जमाखर्च मांडू, असे ठरले. बुडीत किती निघेल हे आज आम्हालाही सांगता येणार नाही.

“आणि पट्ट्या कोण लिहिणार?” मुलाने विचारले.

यांनी माझ्याकडे पाहिले.

पहिल्या सकाळी सहा शेतकरी आले. पहिली पट्टी मी लिहिली ती तीन पोती उडिदाची. अक्षर थोडे हलले होते. बेरीज बरोबर होती.